लांबुळकी रोपं आणि त्यांची बीजदलं

घटस्थापनेला पेरलेला गहू देवघराच्या मंद उजेडात नऊ दिवसांत चांगला उंच होतो, पण त्याची पाती पिवळट आणि लुसलुशीत राहतात. खिडकीच्या आत ट्रेमध्ये पेरलेल्या टोमॅटोचंही हेच होतं. मातीखालून वर येणाऱ्या अंकुराला अंधाराचा एकच अर्थ कळतो: अजून वर पोचायचंय. म्हणून तो सगळी शिदोरी उंचीवर खर्च करतो.

पुरेसा उजेड नसतानाच नव्हे, तर दाटी झाली तरी रोपं अशी लांबतात. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य प्रकाशातल्या लाल आणि लालाच्या पलीकडच्या किरणांचं प्रमाण ओळखतं. हिरवी पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि पलीकडचा बराचसा परतवतात किंवा आरपार जाऊ देतात. त्यामुळे अंगावर सावली पडायच्या आधीच रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते आणि चढाओढ सुरू होते. बी विरळ पेरा असं सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

बी उगवल्यावर सगळ्यात आधी दिसणारी पानांसारखी जोडी म्हणजे बीजदलं. त्यांच्या खालचा जो दांडा लांबतो, त्यात नव्या पेशी फारशा तयार होत नाहीत. आहेत त्याच ताणल्या जातात. ताणलेली पेशी पुन्हा आखूड होत नाही. रोप नंतर उन्हात नेलं तर पुढची वाढ सुधारते, पण तो लांब दांडा तसाच राहतो.

टोमॅटोत यावर सुंदर तोड आहे. त्याच्या खोडाला ओल आणि अंधार मिळाला की तिथूनच नवी मुळं फुटतात. जुन्या झाडाच्या बुडाशी बारीक फोड दिसतात, ती याच मुळांची सुरुवात. म्हणून बीजदलांनंतरची खरी दोन पानं आली की रोप मोठ्या पिशवीत हलवावं आणि दांडा बीजदलांच्या जरा खालपर्यंत मातीत जाऊ द्यावा. मिरची-वांग्याला अशी मुळं इतक्या सहज फुटत नाहीत, त्यांना थोडंच खोल लावावं. काकडी, दोडका, पपई यांना मात्र होती त्याच पातळीवर लावावं. त्यांचं खोड ओल्या मातीत लवकर कुजतं.

आता बीजदलांचं काय करायचं? हिरवी असतील तर मुळीच खुडू नयेत, असं माझं ठाम मत आहे. घेवड्याची जाड बीजदलं साठा संपला की सुरकुततात, वाटाण्याची तर मातीखालीच राहतात. टोमॅटोची बीजदलं मात्र उघडून हिरवी होतात आणि खरी पानं मोठी होईपर्यंत रोपासाठी अन्न तयार करतात. मुळं नुकतीच दुखावलेली असताना त्या अन्नाची गरज जास्तच असते. रोप उचलतानाही बोटांत बीजदलच धरावं. ते फाटलं तरी रोप सावरतं. कोवळं खोड चेपलं तर रोप जातं.

रोप फारच लांबलं असेल आणि बीजदलंही मातीत जाणार असतील, तर ती गाडल्यानं टोमॅटो सहसा दगावत नाही. तरी पावसाळ्यात, ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) कुजणारं पान म्हणजे बुरशीला आयतं खाद्य, म्हणून अशा वेळी मी ती आधी नखानं खुडते. पिवळी पडलेली बीजदलं आपोआप गळतात. पण खरी पानं धड आलेली नसताना ती पिवळी पडू लागली, तर पाणी जास्त होतंय का किंवा खत कमी पडतंय का ते पाहावं.

हलवलेलं रोप दोन-तीन दिवस सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात न्यावं. शेंड्यांवरून रोज हलकेच हात फिरवला तरी उपयोग होतो: स्पर्शानं किंवा वाऱ्यानं हलणारी रोपं आखूड आणि दणकट वाढतात. मार्क जॅफ या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७३ साली या परिणामाला शास्त्रीय नाव दिलं. पानं ओली असताना मात्र हात लावू नये, रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो.