जुन्या आलिशान एसयूव्ही आणि रिकॉलची सात वर्षांची अट

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आलिशान एसयूव्हीचा सेकंड हँड बाजार आता नवलाचा राहिलेला नाही. मुंबई-पुण्याहून, सुरतेहून किंवा दिल्लीहून आलेली आठ-दहा वर्षांची जर्मन गाडी नव्या मध्यम गाडीच्या पैशांत मिळते, आणि रावेर-यावलचा केळी बागायतदार, शहरातला सराफ किंवा ठेकेदार ती एजंटाच्या शब्दावर घेतो. पुढे तक्रारी सुरू होतात. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूने बसलेली दिसते, डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही, नाहीतर धुराचा फिल्टर चोंदतो. या तक्रारी खिशाला जड असल्या तरी त्यांतल्या बहुतेक सुरक्षिततेच्या दोषांत मोडत नाहीत. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि इंधनगळती यांचे दोष मालकाला बऱ्याचदा जाणवतही नाहीत, आणि रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या परत मागवून दुरुस्त करण्याची, सगळी व्यवस्था उभी राहिली ती याच दोषांसाठी.

या व्यवस्थेचा उगम अमेरिकेतला आहे. सदोष वाहनाच्या मालकाला कळवण्याचे बंधन तिथे १९६६ च्या कायद्याने आले आणि दुरुस्ती विनामूल्य करण्याची सक्ती १९७४ मध्ये झाली. २००० साली एका लोकप्रिय एसयूव्हीच्या टायरांचा वरचा थर सुटून गाड्या उलटल्या, सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले आणि त्यानंतर, आपल्याकडे येणाऱ्या तक्रारी व दावे सरकारला वेळोवेळी कळवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. भारतात मात्र जुलै २०१२ पर्यंत लेखी चौकटच नव्हती. त्या महिन्यात वाहन उद्योगाने स्वतःसाठी ऐच्छिक संहिता स्वीकारली. ती पाळली नाही म्हणून कोणाला दंड होण्याची सोय तिच्यात नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

कायदेशीर बळ आले ते २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम ११०-अ मुळे. एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याची शक्यता असेल आणि ठरावीक टक्के मालकांनी, चाचणी संस्थेने किंवा अन्य कोणी तो दोष कळवला असेल, तर केंद्र सरकार ती वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाने दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू केले तर त्याला दंड होत नाही. या कलमाखालचे नियम मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध होऊन १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि सक्तीच्या रिकॉलसाठी १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठरला.

याच नियमांत जुन्या गाडीच्या मालकाला बाहेर ठेवणारा निर्णय झाला. सक्तीच्या रिकॉलची तरतूद सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरती ठेवली गेली. कलमात वयाचा उल्लेख नव्हता, अट आली ती नियमांत. तिच्या बाजूने जे म्हटले जाते ते अगदीच पोकळ नाही. सात वर्षांत गाडी दोन-तीन हातांतून गेलेली असते, भलत्याच कंपनीचे सुटे भाग बसलेले असतात, आणि बिघाड कारखान्यातला की गॅरेजमधला हे ठरवणे अवघड होते. शिवाय जुन्या मॉडेलचे भाग अनिश्चित काळ तयार ठेवणे उत्पादकाला परवडणारे नसते. पण हा युक्तिवाद झिजणाऱ्या भागांना जितका लागू पडतो तितका मूळ रचनेतल्या चुकीला लागू पडत नाही, कारण अशी चूक कित्येकदा गाडी जुनी झाल्यावरच उघडी पडते.

गेल्या दोन दशकांतली दोन मोठी प्रकरणे याची साक्ष देतात. पहिले प्रकरण एका जपानी पुरवठादाराच्या एअरबॅगचे आहे. त्या एअरबॅग फुगवणाऱ्या यंत्रणेतील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे ओलावा आणि तापमानाचे चढउतार सोसून खिळखिळे होते आणि अपघाताच्या क्षणी इतक्या वेगाने जळते की धातूचे नळकांडे फुटून त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगावर येतात. त्याचे पहिले रिकॉल २००८ मध्ये झाले, व्याप्ती २०१४-१५ मध्ये कळली, आणि पुढे बीएमडब्ल्यू एक्स५, मर्सिडीज एमएल व जीएल, ऑडी क्यू५ अशा गाड्याही यादीत आल्या. अमेरिकेत उष्ण व दमट राज्यांतल्या जुन्या गाड्यांना दुरुस्तीत अग्रक्रम मिळाला. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आणि लगेच पावसाळ्यात शिरणाऱ्या भुसावळ-जळगावच्या मालकाने हा तपशील नजरेआड करू नये.

दुसरे प्रकरण जून २०२२ चे आहे. २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या मर्सिडीज एमएल, जीएल आणि आर-क्लास मिळून जगभरातल्या जवळजवळ दहा लाख गाड्या परत मागवण्यात आल्या, आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नये असे मालकांना सांगण्यात आले. दोष ब्रेक बूस्टरमध्ये होता. पेडलवरचा जोर वाढवणाऱ्या या डब्यावर रबरी आवरण असते. त्याखाली पाणी साचून पत्र्याला गंज चढतो, हवा गळू लागते आणि पेडल दाबताना फुस्स असा आवाज येतो. गंज फार वाढला तर पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. वरून पाहिले तर आवरण धडधाकट दिसते. ते सरकवून खालचा पत्रा तपासल्याशिवाय काही कळत नाही, आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते कोणी सरकवत नाही. हे रिकॉल जाहीर झाले तेव्हा त्यातल्या जवळपास सर्व गाड्यांनी सात वर्षे ओलांडली होती. कंपनीने स्वतःहून पाऊल उचलले म्हणून हे झाले. भारतीय नियमांच्या जोरावर अशी सक्ती करता आली नसती. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मुदत दहा वर्षांची होती, ती २०१५ मध्ये पंधरा वर्षांची करण्यात आली. त्यानंतर सहा वर्षांनी नियम करताना आपल्याकडे सात हा आकडा निवडला गेला, याचे पटेल असे कारण प्रस्तुत लेखकाला सापडत नाही.

अटीखेरीज पत्त्याचाही घोळ आहे. रिकॉलची सूचना कंपनीच्या दप्तरातल्या मालकाला जाते. आरसी नावावर झाली तरी तिथे बहुधा पहिल्या मालकाचाच पत्ता राहतो, म्हणून पत्र वांद्र्याला किंवा कोथरूडला पोचते आणि गाडी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढत असते. खानदेशातल्या मालकाला अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत किंवा इंदूर गाठावे लागते, त्यामुळे वॉरंटी संपलेली गाडी गावातल्याच स्कॅनरवाल्या गॅरेजमध्ये जाते. तिथे काम चोख होत असेलही. पण ती तक्रार ना कंपनीकडे नोंदली जाते ना सरकारी वाहन पोर्टलवर, आणि कायदा तर तक्रारदार मालकांच्या टक्केवारीवर बोट ठेवतो. आरसीवरचा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर देऊन प्रलंबित रिकॉल तपासता येते, परंतु व्यवहाराच्या वेळी एजंट चौकशी करतात ती विमा, कर्जाचा बोजा आणि एनओसी यांची.

दिल्लीच्या गाड्यांनी हा प्रश्न वाढवला. दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर तिथे २०१५ मध्ये बंदीचा आदेश झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्या बंदीचे पुढे बरेच चढउतार झाले, तरी मधल्या काळात वयाने सात वर्षांच्या पलीकडचा मोठा माल इतर राज्यांत स्वस्तात उतरला. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीचे नियम लागू झाले. ते ताबा, कागदपत्रे आणि गाडीच्या फेऱ्यांची नोंद यांविषयी बोलतात, प्रलंबित रिकॉलविषयी नाही.

उरतो तो ग्राहक आयोगाचा मार्ग. जुलै २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येते, तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात दाद मागता येते. मात्र वस्तूत फेरबदल केलेला असेल तर उत्पादकाला त्यामागे उभे राहता येते. आपल्याकडे जाडजूड बंपर गार्ड लावल्याखेरीज एसयूव्हीला शोभा येत नाही अशी समजूत आहे. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच हे गार्ड बेकायदा ठरवले, आणि धडकेचा आघात एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत नीट पोचू न देणारा गार्ड गाडीवर आढळला, तर एअरबॅग उघडली नाही या तक्रारीत उत्पादकाच्या वकिलाला पहिला मुद्दा आयताच मिळतो.