एक डोमेन, तीन सर्व्हर: मेल हरवतं त्यामागचा इतिहास

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतल्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) एकाच डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, मेलची मांडणी बऱ्याचदा अशी असते. मालक, खरेदी आणि निर्यात यांची खाती गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे, सुपरवायझर आणि स्टोअरची वेबसाइटवाल्याच्या होस्टिंगवर, आणि बिलं पाठवणारं ईआरपी (हिशोब-साठ्याचं सॉफ्टवेअर) ऑफिसातल्या सर्व्हरवर. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला दुसरं युनिट असेल तर राज्य बदलतं म्हणून जीएसटी नोंदणी वेगळी होते, डोमेन मात्र तेच राहतं. मग तक्रार येते की पुण्याच्या ग्राहकाचं मेल साहेबांना मिळतं, पण आपल्याच ईआरपीचं ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून परत येतं. दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो. खरं कारण चाळीसेक वर्षं जुनं आहे.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम प्रसिद्ध केले, तेव्हा पत्त्यातला ॲट चिन्हापुढचा भाग म्हणजे सहसा एका यंत्राचं नाव असे. मेल त्या यंत्राकडे जाई, मालकीचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांची डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी इंटरनेटची नोंदवही) आली आणि जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी एमएक्स नोंदीचे नियम लिहिले. या डोमेनचं मेल कोणत्या यंत्राकडे द्यायचं, हे आता डीएनएसमधली ही एमएक्स नोंद सांगू लागली. डोमेन आणि यंत्र यांची फारकत झाली ती इथे.

पण एमएक्स विचारतो तो बाहेरचा सर्व्हर. आपल्या यंत्रावर आधी दुसरीच तपासणी होते: हे डोमेन माझंच आहे का? एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी स्वतःच्या नावांची यादी असे. वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेल्या आणि १९९८ मध्ये आलेल्या पोस्टफिक्स या तशाच सॉफ्टवेअरमध्ये तिचं नाव ‘मायडेस्टिनेशन’. डोमेन या यादीत असलं की एमएक्स बघितलाच जात नाही, मेल तिथल्या तिथे वाटलं जातं. खातं नसेल तर परत येतं. जुनं, कुणी न उघडणारं खातं शिल्लक असेल तर त्यात गुपचूप पडून राहतं, आणि हे जास्त वाईट. वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून आलेल्या ऑर्डरी अशाच गडप होतात, कारण होस्टिंगच्या पॅनेलनं साइट उभी करतानाच डोमेन स्वतःच्या यादीत घातलेलं असतं. मेल गूगलकडे नेताना एमएक्स बदलतात, ही यादी तशीच राहते. सीपॅनेल या होस्टिंग पॅनेलमध्ये ‘लोकल’ ऐवजी ‘रिमोट’ निवडणं एवढंच काम असतं.

मुळात खाती विभागायची वेळ का आली? पैशामुळे, दुसरं काही नाही. गूगलनं २००६ मध्ये स्वतःच्या डोमेनवर फुकट मेल देऊ केलं, डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ते बंद केलं आणि २०२२ मध्ये जुन्या फुकट खात्यांवरच्या धंद्यालाही दर खात्यामागे पैसे लावले. स्टोअरकीपरच्या खात्याला महिन्याला भाडं कोण भरणार? ती खाती होस्टिंगवरच राहिली. आपल्याकडचा हिशोब पाहता हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. चुकते ती त्यानंतरची जोडणी.

सर्रास केलं जातं ते असं: दोन्ही ठिकाणांचे एमएक्स टाकायचे, एकाला १०, दुसऱ्याला २०. समज असा की पहिल्याकडे खातं नसेल तर मेल आपोआप दुसऱ्याकडे जाईल. तो आकडा फक्त पसंतीचा क्रम आहे, लहान आकडा आधी. पहिला सर्व्हर बंद असेल तरच दुसऱ्याचं दार ठोठावलं जातं. पहिल्यानं ५५० म्हणून (‘हे मेल घेणार नाही’ असा संकेतांक) ठाम नकार दिला की विषय संपला.

एमएक्स एकाच ठिकाणी ठेवून, तिथे नसलेल्या खात्यांचं मेल त्यानं पुढे पाठवायचं, हा खरा मार्ग. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये त्याला ‘इंटर्नल रिले’ म्हणतात, गूगलकडे ‘स्प्लिट डिलिव्हरी’, पोस्टफिक्समध्ये ते ट्रान्सपोर्ट मॅपनं (कोणतं मेल कुठे द्यायचं याच्या यादीनं) जमतं. शेवटचा ‘नाही’ कुणी म्हणायचा हे मात्र आधी ठरवायला हवं. दोघंही ‘माझ्याकडे नाही, तू बघ’ म्हणू लागले की पत्ता लिहिताना झालेली एक चूक दोन सर्व्हरमध्ये चेंडूसारखी फिरते. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये ५० टप्प्यांनंतर तिला थांबवतो.

पाठवण्याच्या बाजूचा घोळ नंतरचा. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरांना आहे, हे सांगणारी डीएनएसमधली नोंद. तिचे नियम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, सुधारित २०१४ मध्ये. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते आणि ती तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारता येतं. ईआरपीवाला, होस्टिंगवाला, गूगल असे प्रत्येकजण आपली ओळ देतात, कुणीतरी ती दुसरी नोंद म्हणून चिकटवतं आणि दोन्ही निकामी होतात. पूर्वी हे खपून जाई. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सक्तीचं केलं; जीमेलला दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना ही दोन्ही आणि वर डीमार्कही (या तपासण्या पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या डोमेनशी जुळतात का हे पाहणारी नोंद) लागतं.

त्यामुळे नवी मांडणी करणाऱ्याला मी ईआरपीसाठी वेगळं उपडोमेन (मूळ डोमेनच्या नावाआधी एक शब्द जोडून होणारं) घ्यायला सांगतो. त्याचं एसपीएफ स्वतंत्र, डीमार्कची शिथिल तुलना (उपडोमेन आणि मूळ डोमेन एकच मानणारी) मूळ डोमेनशी जुळते, आणि उत्तराचा पत्ता अकाउंट्सचा ठेवला की ग्राहकाला फरकही कळत नाही. ईआरपीच्या सर्व्हरच्या ‘हे डोमेन माझंच’ म्हणणाऱ्या यादीतून मूळ डोमेन काढायला मात्र विसरू नये.