स्टॅफा बेट : चित्रकला आणि काव्यातील स्थान

स्टॅफा हे स्कॉटलंडच्या इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील, मल बेटाच्या पश्चिमेचे निर्जन बेट. क्षेत्रफळ अवघे 33 हेक्टर. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभे तडे गेले आणि बेसाल्टच्या बहुतांशी षट्कोनी खांबांच्या रांगा तयार झाल्या. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर असेच स्तंभ दिसतात. याच खांबांमध्ये समुद्राने कोरलेली, सुमारे 70 मीटर लांबीची ‘फिंगलची गुहा’ कलावंतांचे मुख्य आकर्षण ठरली.

1772 मध्ये आइसलँडला जाताना निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स येथे उतरले. त्यांच्या वर्णनाने बेट युरोपभर गाजले. सुरुवातीच्या चित्रकारांचा भर खांब नेमके टिपण्यावर होता. 1818 च्या सुमारास स्टॅफाची ॲक्वाटिंट (धातूच्या पत्र्यावर आम्लाने छटा कोरून छापलेली) मुद्राचित्रे करणारे विल्यम डॅनियल यांनी त्याआधी काका टॉमस यांच्यासोबत मुंबईजवळच्या घारापुरीची लेणीही चितारली होती. बेसाल्टमधली एक गुहा माणसाने घडवलेली, दुसरी लाटांनी. दोन्ही एकाच हाताने कागदावर उतराव्यात, हा योग विलक्षण आहे.

1818 च्या उन्हाळ्यात कवी जॉन कीट्स पायी भटकत येथवर आले. भाऊ टॉमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कल्पना केली, की बंडखोर राक्षसांनी काळे खांब काड्यांच्या जुडग्यासारखे बांधले आणि प्रचंड कुऱ्हाडींनी त्यात गुहा खोदली. सोबतच्या कवितेत हौशी प्रवाशांच्या नौकांवर त्यांचा रोष आहे. 1833 मध्ये आलेल्या विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांनाही गर्दी खुपली; गर्दी पांगल्यानंतरच्या गुहेवर त्यांनी वेगळे सुनीत लिहिले. 1829 ची संगीतकार मेंडेल्सन यांची भेटही प्रसिद्ध आहे. त्यांची ‘हेब्रिडीज’ ही वाद्यवृंदरचना या प्रवासातून स्फुरली.

या साऱ्यांत इंग्लिश चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांची दृष्टी सर्वांत धाडसी वाटते. 1831 मध्ये ते आगबोटीने स्टॅफाला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘स्टॅफा, फिंगल्स केव्ह’ हे तैलचित्र लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले. कवींना नकोसा झालेला प्रवासी येथे आगबोटीच्या रूपाने थेट चित्रात आला आहे. बोटीचा काळा धूर ढगांत मिसळतो, सूर्य क्षितिजाला टेकतो, आणि ज्या खांबांसाठी लोक येत, तो कडा धुक्यात जेमतेम दिसतो. मोजण्याजोगे काहीच उरत नाही, उरते ते हवामान. 1845 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स लेनॉक्स यांनी हे चित्र विकत घेतले. आज ते येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टच्या संग्रहात आहे.