सात नंबरची घंटा

रात्रीचे साडेबारा. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एका फोल्डरचं नाव टाइप करत होतो. दोन अक्षरं टाकून उरलेलं नाव आपोआप भरावं म्हणून टॅबची कळ दाबली. त्या अक्षरांनी सुरू होणारी चार नावं होती, त्यामुळे नाव पूर्ण होण्याऐवजी 'टुंग' झालं. एक अक्षर वाढवलं, टॅब दाबला, परत टुंग. आतून आई म्हणाली, "अरे, एवढ्या रात्री मायक्रोवेव्हमध्ये काय ठेवलंयस?"

ही टुंग मोठी जुनी आहे. 1963 साली आलेल्या आस्की सारणीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिला गेला, त्यात सातवा क्रमांक अक्षराचा नव्हताच, घंटेचा होता. त्या काळच्या टेलिटाइप यंत्रात धातूची खरीखुरी घंटा बसवलेली असे. तारेवरून सात हा क्रमांक आला की ती वाजे, आणि पलीकडचा ऑपरेटर चहा सोडून यंत्रापाशी येई. इंग्रजी वर्णमालेत जी सातवा, म्हणून कंट्रोल धरून जी दाबलं की आजही हाच क्रमांक जातो.

गंमत अशी, की या सातमध्ये आवाज नसतो. किती मोठ्याने, किती वेळ, काहीच नाही. नुसतं 'इकडे बघ' एवढंच. मुंबईतल्या सर्व्हरने सात पाठवला तरी वाजतं ते नाशिकच्या माझ्या टेबलावर. चुकून एखादी फोटोची फाइल मजकूर म्हणून टर्मिनलवर ओतली की मशीन वेड्यासारखं टुंगटुंगतं, तेही यामुळेच. फाइलभर सात विखुरलेले असतात.

'इकडे बघ' आलं की करायचं काय, हे टर्मिनलचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या सेटिंगचा संच, ठरवतं. फॉन्ट, रंग, किती जुन्या ओळी जपायच्या, या सगळ्यांसोबत घंटेचाही निर्णय त्यात असतो. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये फक्त एक टिकमार्क: हवी की नको. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या कॉन्सोल नावाच्या टर्मिनलमध्ये चार पर्याय आहेत: साधी बीप, नोटिफिकेशन, दृश्य घंटा, किंवा काहीच नाही. दृश्य घंटेत खिडकीचे रंग क्षणभर उलटे होतात. नाशिककराला हे वेगळं समजावायला नको. गोदेला पूर आला की नदीतला दुतोंड्या मारुतीचा पुतळा एक शब्द बोलत नाही, पण पाणी गुडघ्याला की गळ्याला हे बघून पंचवटीतली दुकानं आवरली जातात. नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं तर मात्र मोठा पूर, असं जुने लोक सांगतात.

कॉन्सोलमध्ये एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना चकवते. नोटिफिकेशन पर्याय निवडला तरी त्यातून ध्वनी यावा की पॉप-अप, हे प्रोफाइलमध्ये ठरत नाही. ते नोटिफिकेशनच्या वेगळ्या सेटिंगमध्ये असतं, आणि सगळ्या प्रोफाइलांना एकच लागू होतं. तिथे समोर दिसणाऱ्या टॅबची घंटा आणि मागे दडलेल्या टॅबची घंटा यांच्या दोन निराळ्या नोंदी आहेत. समोरची मुकी केली, मागची ठेवली. डोळ्यांसमोर चाललेल्या कामासाठी टुंग कशाला?

पण आईचा प्रश्न खरा मिटला तो आणखी खाली जाऊन. टॅबची कळ दाबल्यावर कुरकुरणारी घंटा मुळात टर्मिनलची नसतेच, ती बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, टायपिंग सांभाळणाऱ्या भागाची असते. होम फोल्डरमध्ये 'डॉट इनपुटआरसी' फाइलीत 'सेट बेल-स्टाइल नन' अशी ओळ टाकली की तो भाग सात पाठवणंच सोडतो. सर्व्हरवरचा बॅश वेगळा, तिथे ही ओळ पुन्हा टाकावी लागते. मी विसरलो होतो, तासभर डोकं खाजवलं.

मी मागितलेली घंटा यात मरत नाही. लांबलचक कॉपीच्या कमांडमागे अर्धविराम देऊन सात छापायची कमांड जोडतो, टॅब मागे टाकतो आणि बाल्कनीत जातो. काल पावणेदोनला पॉप-अप आला. आई झोपलेलीच होती.