‘अल्जिब्रा २ म्हणजे आपली दहावीच’: खुलासा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत एक समज पक्का बसलाय: हायस्कूलचं ‘अल्जिब्रा २’ म्हणजे आपल्या दहावीचं बीजगणित, त्यात काय एवढं! हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात मुलं अडकतात.

वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी ओळखीच्याच. पण क्ष² − ४क्ष + १३ = ० घ्या. विवेचक (मुळे वास्तव आहेत का ते सांगणारी संख्या) येतो −३६. दहावीत आपण ‘मुळे वास्तव नाहीत’ लिहून थांबतो. अल्जिब्रा २ तिथून पुढे जातं: −१ चं वर्गमूळ ‘आय’ मानायचं, म्हणजे उत्तरं २ ± ३आय. या संमिश्र संख्या महाराष्ट्र बोर्डात अकरावीला येतात. अल्जिब्रा २ मधले लॉगॅरिदमही (घातांक शोधायची क्रिया) आपल्याकडे तेव्हाच. बऱ्याच ठिकाणी अल्जिब्रा २ मध्ये थोडी त्रिकोणमितीय फलनं (फंक्शन्स), संख्याशास्त्रही असतं.

खरी अडचण मात्र वेगळीच. अनेक शाळांत अल्जिब्रा १ आणि २ यांच्यामध्ये वर्षभर भूमिती असते. तोवर अवयव पाडण्याचा हात सुटतो. म्हणून सुट्टीत नवं काही शिकवू नका. रोज चार-पाच अवयवांची गणितं आणि अपूर्णांकातली समीकरणं करून घ्या. आलेखही हातानं काढायला लावा, कारण अल्जिब्रा २ च्या वर्षी फलनाचा आलेख सरकवणं, ताणणं सतत लागतं.