सापळा ते आकडे: पर्यावरण परवान्यांतला भ्रष्टाचार हुडकण्याची पार्श्वभूमी

लाचेचा सापळा पुण्यात पेपर वाचणाऱ्याला नवा नाही. नोटांना फिनॉल्फ्थेलिनची पावडर, घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात, पाणी गुलाबी. पण सापळ्याला तक्रारदार लागतो. प्रदूषणाच्या व्यवहारात देणारा आणि घेणारा दोघंही खूश, नुकसान नदीचं. आणि नदी काही १०६४ वर, म्हणजे लाचलुचपत विभागाच्या हेल्पलाइनवर, फोन करत नाही. म्हणून इथे माणसाऐवजी आकड्यांवर पाळत ठेवावी लागते.

आकडे आले ते परवान्यांबरोबर. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं; जल कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. उद्योगाला आधी उभारणीची आणि मग चालवण्याची संमती घ्यावी लागू लागली. पर्यावरण मंजुरीसाठीच्या केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेने बांधकामाला २०,००० चौ.मी.ची रेघ आखली. तिच्यापुढे पर्यावरण मंजुरी सक्तीची. रेघ आखली की तिच्या अलीकडे गर्दी होते. एकाच जमिनीवर १९,८०० चौ.मी.चे दोन ‘स्वतंत्र’ प्रकल्प दिसले, तर गट नंबर, वास्तुविशारद, गेट आणि सांडपाणी प्रकल्प एकच आहे का ते पाहावं. महारेराची (गृहप्रकल्पांच्या राज्य नियामकाची) नोंद आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवले की तासाभरात उलगडा होतो.

खाणींत हेच आधी घडलं. पाच हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांना (खाणीसाठी भाड्याने दिलेल्या जमिनींना) मंजुरी लागत नसे, म्हणून मोठ्या पट्ट्याचे तुकडे पडत. २७ फेब्रुवारी २०१२ ला हरियाणातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. मोशी-वाघोलीकडच्या दगडखाणींसारख्या ठिकाणी आता खड्डाच मोजावा. १०० × ५० × ६ मीटरचा खड्डा म्हणजे ३०,००० घनमीटर, २.८३ घनमीटरला एक ब्रास धरला तर सुमारे १०,६०० ब्रास. रॉयल्टीच्या, म्हणजे सरकारी शुल्क भरून मिळणाऱ्या वाहतुकीच्या, पासांची बेरीज याहून बरीच कमी भरली, तर एका पासावर दोन खेपा झाल्याचा संशय घ्यावा. फुटलेला दगड फुगतो, त्यामुळे घट्ट मोजायचं की सैल हे आधीच ठरवून घ्यावं, नाहीतर सुनावणीत तिथेच वाद लागतो.

सर्वांत शिकवून गेलं ते गुजरात. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ पासून कारखान्यांचं पर्यावरण लेखापरीक्षण सुरू झालं, पण परीक्षक निवडायचा आणि त्याची फी द्यायची कारखान्यानेच. २००९ ते २०११ दरम्यान अहमदाबाद-सुरतच्या ४७३ कारखान्यांत अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. नेहमीच्या पद्धतीत धुराड्यातल्या कणांची मापं घनमीटरला १५० मि.ग्रॅ.च्या मर्यादेच्या जरा खाली येऊन दाटत. फेरतपासणीत तीच मापं वर-खाली विखुरलेली निघाली. प्रयोगातल्या निम्म्या कारखान्यांत मात्र परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, ठरीव फी सामायिक निधीतून दिली आणि अचानक फेरतपासणी ठेवली. तिथे मर्यादा पाळल्याचे खोटे अहवाल ८० टक्क्यांनी घटले. प्रदूषणही उतरलं, आणि आमच्या मते खरी बातमी तीच.

पुणे परिसरात, भोसरी असो की कुरकुंभ, सांडपाण्याचे अहवाल याच नजरेने वाचावेत. नदीत सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) ३०, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) २५० मि.ग्रॅ. प्रति लिटर. वर्षभर बीओडी २६ ते २९ मध्येच घुटमळत असेल तर थांबावं. बीओडीची चाचणी २७ अंशांना तीन दिवस चालते. सोमवारचा नमुना आणि मंगळवारचा अहवाल म्हणजे चाचणी झालीच नाही. बीओडी सीओडीपेक्षा जास्त दिसला, तर आकडे टेबलावरच जन्मलेले. नमुना जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नोटीस देऊन, दोन भाग करून, सील आणि सही घेऊन काढलेला नसेल तर खरा निकालसुद्धा न्यायालयात टिकत नाही. ही ‘चूक’ एकाच अधिकाऱ्याकडून वारंवार होत असेल तर तीही नोंदवावी.

२०१४ पासून जास्त प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रवर्गांतल्या उद्योगांना ऑनलाइन मापन सक्तीचं झालं; आता सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवता येतो. त्याची खूण म्हणजे आलेखाची सरळसोट रेघ. मात्र मर्यादेखालची गर्दी एकटी पुरावा ठरत नाही. वीज आणि रसायन वाचवायला मर्यादेला खेटून चालवलेला प्रामाणिक प्रकल्पही असतो. फरक वीजबिलात दिसतो. उत्पादन तेवढंच, ब्लोअरच्या (सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या पंख्याच्या) मीटरची युनिटं निम्म्यावर आणि बीओडी जिथल्या तिथे २६, अशा महिन्याची लॉगशीट सर्वांत आधी मागवावी.