बाण मारणारी वेगळी, गाडीतून उडी टाकणारी वेगळी

‘ती मुलगी बाण मारते, चालत्या गाडीतून उडी टाकते आणि सरकार उलथवते, तोच ना सिनेमा?’ नाही. बाण मारते ती कॅटनिस, ‘द हंगर गेम्स’मधली. उडी टाकते ती ट्रिस, ‘डायव्हर्जंट’मधली. सरकारला दोघीही नडतात, म्हणून तर घोटाळा होतो. दोघी सोळा वर्षांच्या, दोघींची गोष्ट त्यांच्याच तोंडून आणि वर्तमानकाळात सांगितलेली, आणि दोन्हीकडची राजवट माणसांचे कप्पे पाडणारी. सुझान कॉलिन्सच्या ‘हंगर गेम्स’ मालिकेतली पहिली कादंबरी २००८ची, व्हेरॉनिका रॉथच्या ‘डायव्हर्जंट’ मालिकेतली २०११ची. सिनेमे २०१२ आणि २०१४चे, तेही लायन्सगेट या एकाच चित्रपट कंपनीच्या छत्राखाली निघालेले. गोंधळणाऱ्याला दोष तरी काय द्यायचा!

फरक लक्षात ठेवायचा तर दोन्हीकडची भांडी बघा. कॅटनिसच्या कोळसा खाणींच्या बाराव्या जिल्ह्यात काचेचं भांडं असतं, त्यात मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या. राजधानीतून आलेली नटवी एफी त्यात हात घालते आणि कॅटनिसच्या बारा वर्षांच्या बहिणीचं नाव निघतं, तिच्याऐवजी कॅटनिस पुढे होते. बारा जिल्ह्यांतली चोवीस मुलं एकमेकांना मारायच्या खेळात उतरवतात, नियमाप्रमाणे जिवंत परतणार एक. ट्रिसच्या शिकागोत पाच भांडी असतात: दगड, पाणी, माती, काच आणि निखारे. सोळाव्या वर्षी आपल्याच तळहातावर सुरी फिरवायची आणि हव्या त्या गटाच्या भांड्यात रक्त पाडायचं. ट्रिसचं रक्त निखाऱ्यांवर चरचरतं.

म्हणजे एकीकडे सरकार तुम्हाला निवडतं, दुसरीकडे तुम्ही सरकारने आखलेल्या कप्प्यांतला एक निवडता. पहिली गोष्ट भुकेची आणि सत्तेची आहे. दुसरी, खरं सांगायचं तर, दहावीनंतर सायन्स की कॉमर्स या धास्तीचीच आहे, फक्त सुरी आणि निखारे जास्तीचे. मला ती कमी दर्जाची वाटत नाही. पण सिनेमा करायला ती फार अवघड होती, आणि करणाऱ्यांना ते कळलेलं दिसत नाही.

‘हंगर गेम्स’ला एक आयता फायदा होता. ते खेळ हा गोष्टीतच टीव्हीवरचा कार्यक्रम आहे. कॅमेरा पहिल्या पानापासून कथेत आहे. पुस्तकात आपल्याला फक्त कॅटनिसला ठाऊक असतं तेवढंच कळतं. आपण पडद्यावर दिसत असू का, प्रायोजकांना काय आवडेल, याचा ती सतत अंदाज बांधत असते. दिग्दर्शक गॅरी रॉसने तिच्या डोक्यात शिरायचा हट्ट धरला नाही, तो सरळ बाहेर गेला. खेळ चालवणाऱ्यांची खोली दाखवली, जिथे पांढऱ्या कपड्यांतली माणसं टेबलावर बोटं फिरवून जंगलात आग लावतात. रू, म्हणजे खेळातली कॅटनिसची छोटी साथीदार, मेल्यावर तिच्या जिल्ह्यात उसळलेली दंगल दाखवली. पुस्तकात तिथे दंगल नाही, तिच्या जिल्ह्याकडून कॅटनिसला एक पाव येतो. तो पाव मला आजही हवा आहे, पण दंगलही पटते.

आणि शेवटी खेळांचा प्रमुख सेनेका क्रेन. त्याचं मरण दुसऱ्या पुस्तकात नुसतं कानावर येतं. सिनेमात त्याला एका खोलीत आणून सोडतात, दार बंद होतं, समोर भांड्यात विषारी बोरं: कॅटनिस आणि तिच्याच जिल्ह्यातला पीटा यांनी खायची धमकी देऊन दोघांचाही जीव वाचवला, तीच. एक शब्द नाही. चिठ्ठ्यांच्या भांड्यापासून सुरू झालेला सिनेमा पुन्हा भांड्यापाशी येतो. मूळ पुस्तकात नसलेला हा प्रसंग मला पुस्तकाइतकाच कॉलिन्सचा वाटतो (पटकथेत तिचा हात होताच). पीटाचा पाय मात्र मी माफ केलेला नाही. पुस्तकात जिंकल्यावर तो पाय गमावतो, सिनेमात धडधाकट घरी येतो. जिंकण्याची किंमत तेवढी स्वस्त झाली.

‘डायव्हर्जंट’मधली खरी मारामारी मनात चालते. इंजेक्शन देऊन उमेदवाराला त्याच्याच भीतीत सोडतात. काचेच्या टाकीत पाणी चढतंय, ट्रिस बुडतेय, आणि तिला कळतं की हे खरं नाही. हे कळणंच धोक्याचं, कारण तेच ती ‘डायव्हर्जंट’, म्हणजे कुठल्याच एका गटात न बसणारी, असल्याचा पुरावा, आणि ते लपवायला हवं. पानावर हा विचार हीच घटना असते. पडद्यावर ती काचेला बोट लावते, काच फुटते, आणि बघणाऱ्याला वाटतं, अच्छा, हिच्याकडे काहीतरी शक्ती आहे. ट्रिस झालेल्या शेलीन वूडलीने चेहऱ्यावर जमेल तेवढं पेललं आहे. (त्याच वर्षी ॲन्सेल एलगॉर्ट एका सिनेमात तिचा भाऊ आणि दुसऱ्यात प्रियकर होता, हे ज्यांनी लागोपाठ पाहिलं त्यांचं काय झालं असेल!)

दुसऱ्या भागात, २०१५च्या ‘इन्सर्जंट’मध्ये, तर एक पेटीच आणली. पुस्तकात दडवलेली माहिती कॉम्प्युटरमध्ये असते. सिनेमात पाच गटांची चिन्हं असलेली पेटी, जी पाच चाचण्या पार करणाऱ्यालाच उघडेल. आणि ट्रिस किती टक्के डायव्हर्जंट? शंभर. माणसाला एका ठप्प्यात बसवू नका म्हणणारी गोष्ट, आणि तिची नायिका टक्क्यांत मोजली! बदल केल्याचा राग नाही, क्रेनची खोलीही बदलच होती. पण ती गोष्टीच्या बाजूने होती, पेटी गोष्टीच्या विरुद्ध गेली.

शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचा मोह दोघांनाही झाला. ‘मॉकिंगजे’चा पहिला भाग रेंगाळतो खरा, पण त्यात कॅटनिसला प्रचारफितींसाठी उभं करतात आणि तिला ठरवून दिलेलं वाक्य धड म्हणता येत नाही, ते फार छान आहे. ‘ॲलिजंट’चा पहिला भाग २०१६मध्ये आला आणि आपटला. आधीच्या भागाने जगभर तीस कोटी डॉलरच्या आसपास कमावले होते, याने जेमतेम अठरा कोटी. पुढचा ‘असेंडंट’ टीव्हीवर आणायची भाषा झाली, मग तीही विरली. म्हणून ट्रिसचा शेवट फक्त पुस्तकात आहे. आधीची दोन पुस्तकं ट्रिस एकटी सांगते, तिसऱ्यात एक प्रकरण तिचं, एक तिचा प्रियकर फोर याचं. रॉथला हा दुसरा आवाज का लागला, ते शेवटच्या प्रकरणांत कळतं. मी सांगणार नाही.